म्हैसूर ते कर्नाटक : बालविवाहविरोधी कायद्याची वाटचाल

बालविवाहाला आळा घालणारा म्हैसूर संस्थानाचा कायदा १८९४ सालचा. गादीवर चामराजेंद्र वडियार होते, दिवाण के. शेषाद्री अय्यर, आणि कारभार बंगळुरूच्या तांबड्या अठारा कचेरीतून चाले. आठ वर्षांखालील मुलीचे लग्न आणि पन्नाशी उलटलेल्या पुरुषाचे चौदा वर्षांखालील मुलीशी लग्न, या दोन्हींना या कायद्याने बंदी केली. ही वये आज वाचवत नाहीत. पण १८९१ मध्ये ब्रिटिश सरकारने संमतिवय दहावरून बारावर नेले तेव्हा पुण्यात उठलेले वादळ आणि टिळकांचा कडवा विरोध आठवला, की संस्थानाचे धाडस कळते. ब्रिटिश हिंदुस्थानात विवाहाचे किमान वय ठरले ते १९२९ च्या सारडा कायद्याने : मुलीला १४, मुलाला १८.

सारडा कायद्यात मोठी उणीव होती. लग्न लावणाऱ्याला शिक्षा होई, पण अक्षता पडल्या की लग्न कायम राही. २००६ च्या केंद्रीय कायद्याने ते रद्द करून घेण्याची सोय केली, मात्र एरवी त्यासाठी मुलीनेच जिल्हा न्यायालयात जायचे, तेही सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांत. मुलगी अज्ञान असेल तर पालकाने किंवा हितचिंतकाने बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यासह अर्ज करायचा. तेराव्या वर्षी बोहल्यावर चढवलेली मुलगी माहेर आणि सासर दोन्हींविरुद्ध उभी राहील, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचेच होते.

अठारा कचेरीत आता कर्नाटक उच्च न्यायालय भरते. त्याच्या निर्देशावरून बालविवाह रोखण्याचे उपाय सुचवण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती शिवराज पाटील यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि २०११ मध्ये तिचा अहवाल आला. समोरच्याच विधानसौधातील विधिमंडळाने पुढे केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. २०१६ चा हा दुरुस्ती कायदा राष्ट्रपतींची संमती मिळून २०१७ मध्ये अमलात आला. त्यानंतर लावलेला बालविवाह मुळातच निरर्थक ठरतो, मुलीला न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. शिक्षाही किमान एक वर्ष सक्तमजुरीची झाली. ऑक्टोबर २०१७ मध्ये अल्पवयीन पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच, असा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाचे उदाहरण इतर राज्यांपुढे ठेवले. हरियाणाने नंतर तशीच दुरुस्ती केली. महाराष्ट्रात केंद्रीय कायदाच चालतो. त्यामुळे कर्नाटकातील निपाणीत जे लग्न कायद्याने झालेलेच नसते, ते जवळच्याच, पण महाराष्ट्रातील कागलमध्ये मुलीने अर्ज करून रद्द करून घेईपर्यंत टिकून राहते.