पट्टा सुटलेला पंखा

खंडाळ्याच्या चढावर प्रीमियर पद्मिनी तापली, की बॉनेट उघडं टाकून सगळं कुटुंब रस्त्याकडेला उभं. रेडिएटरच्या झाकणावर ओलं फडकं, हातात पाण्याची बाटली, आणि झाकण आत्ताच उघडायचं की अजून दहा मिनिटं थांबायचं यावर बाबा-काकांची जुंपलेली. त्या गाडीचा पंखा पट्ट्यावर फिरायचा. इंजिन पळालं तर तो पळणार, इंजिन रेंगाळलं की तोही रेंगाळणार.

ही सोयरीक जुनी आहे. 1900 च्या सुमारास विल्हेल्म मायबाख यांनी 35 अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बांधला. त्यात 6 मिलिमीटरच्या 8,070 चौकोनी नळ्या होत्या, आणि मागे पंखा. गाडी धावते तोवर वारा फुकट मिळतो. पंखा हवा तो गाडी मंदावल्यावर. म्हणजे ज्याचं काम हळू गाडीत, त्यालाच इंजिनाच्या वेगाशी बांधून टाकलं. गंमत अशी की साठएक वर्षं बहुतेकांनी हे चालवून घेतलं.

खरी पंचाईत झाली ती रस्ता सोडून चालणाऱ्या गाड्यांची. 1941 पासून युद्धासाठी बनलेली विलीज जीप खडकांवरून माणसाच्या चालीने चढते. खालचा गिअर, इंजिनवर जोर, समोरून वारा नाही. नदी ओलांडायची तर दुसरंच संकट. फिरती पाती पाण्यात शिरली की बोटीच्या पंख्यासारखी पुढे ओढली जातात आणि थेट रेडिएटरची जाळी कापतात. म्हणून पाणी खोल असलं की आधी पट्टा काढायचा. पण त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप आणि डायनामोही! पट्टा उतरवून फार वेळ काढता यायचा नाही.

मग विजेची मोटर का नाही लावली? कारण वीज नव्हती. जीपचा डायनामो 6 व्होल्टचा, आणि इंजिन मंद फिरत असताना डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. नेमका पंखा हवा तेव्हाच. ही गाठ सोडवली अल्टरनेटरने. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले आणि 1960 च्या क्रायस्लर व्हॅलियंटवर अल्टरनेटर सरसकट आला. तो मंद इंजिनावरही बऱ्यापैकी वीज देतो. माझ्या मते या कुळकथेचा मूळपुरुष पंखा नव्हे, अल्टरनेटर आहे.

मोटर लावण्याचं निमित्त मात्र शहरातल्या चिमुकल्या गाड्यांनी दिलं. 1959 च्या मिनीत इंजिन आडवं बसवलं, तेव्हा रेडिएटर चाकाशेजारी कोपऱ्यात कोंबावा लागला. दांते जाकोसा यांच्या 1969 च्या फियाट 128 मध्ये इंजिन आडवंच, पण रेडिएटर परत समोर आला. आडव्या इंजिनाच्या पट्ट्यावरचा पंखा समोरच्या जाळीकडे तोंड करणार कसा? तेव्हा पंख्याला स्वतःची मोटर मिळाली. पाणी तापलं की चालू, निवलं की बंद.

अशा पंख्याने इंधन वाचतं, आवाज कमी होतो, हे खरं. पंख्याचा वेग दुप्पट झाला तर त्याला ताकद आठपट लागते, त्यामुळे हायवेवर पट्ट्याचा पंखा उगाच खात बसतो. पण दगडधोंड्यांतून रांगणाऱ्या गाडीला त्या बचतीचं काय? तिला हवी होती मंद इंजिनावर पूर्ण हवा, आणि नदीकाठी पंखा बंद करायचं बटण.

ती सोय तिच्या मालकांनी भंगारातून मिळवली. अमेरिकेत 3.8 लिटरच्या फोर्ड टॉरसचा दोन वेगांचा पंखा जीपवाल्यांचा विशेष लाडका. तो प्लॅस्टिकच्या घेरासकट उचलायचा, कडा करवतीने कापायच्या आणि जुन्या रेडिएटरवर बसवायचा. घेर टाकून देणारा फसतो. मग पंखा आपल्यापुरत्या गोलातूनच हवा ओढतो आणि रेडिएटरचे कोपरे नुसते तापत राहतात. दुसरी फसगत वायरिंगची. असा पंखा 30 अँपिअरच्या घरात वीज ओढतो, सुरू होतानाचा झटका त्याहून कितीतरी मोठा. रिले न लावता बारीक वायर थेट डॅशबोर्डच्या बटणाला जोडली, की आधी वायर मऊ पडते, मग जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो, आणि काट्याकडे लक्ष जाईपर्यंत इंजिन उकळलेलं असतं.

कारखानदार सावकाश आले. सहा सिलिंडरच्या जीप चेरोकीत पट्ट्याचा आणि विजेचा असे दोन पंखे शेजारी शेजारी नांदले. रँग्लरवर निव्वळ विजेचा पंखा आला तो 2007 च्या मॉडेलपासून.

तुमच्या जुन्या जीपला अजून डायनामोच असेल, तर आधी तो बदला. पंखा नंतर.