आत्याआजीचा ‘वीरधवल’

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आम्ही साताऱ्याहून एसटीने सांगलीला जायचो. तिथे गावभागातल्या जुन्या वाड्यात आजोबांची धाकटी बहीण राहायची. आम्ही तिला आत्याआजी म्हणत असू. गोष्ट १९६० च्या आसपासची. दुपारची जेवणं उरकली की माजघरात ती आम्हा मुलांना नाथमाधवांची ‘वीरधवल’ वाचून दाखवायची. राजवाडे, कारस्थानं, तलवारी! चहाची वेळ टळून जायची, पण कुणी जागचं हलत नसे. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलं, त्या गावाला अद्भुताचं वावडं कसं असेल?

आजोबा निवृत्त शिक्षक. त्यांना हे वाचन पसंत नव्हतं. “यात खरं काय आहे?” असं ते विचारायचे. एकदा त्यांनी बहिणीसाठी हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ आणली. बालविधवेच्या दुःखाचं इतकं खरं चित्र दुसरीकडे नाही, असं सांगून ती तिच्या हाती दिली. आत्याआजीने चार पानं चाळली आणि पुस्तक परत केलं. म्हणाली, “दादा, यातलं सगळं मला ठाऊक आहे.”

ती तेराव्या वर्षी विधवा झाली होती. आजोबा त्यावर काही बोलले नाहीत.

त्यांचा प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला. पुढे मराठी कादंबरीचा इतिहास वाचताना १८६८ सालच्या ‘मंजुघोषा’पाशी थांबलो. तिच्या प्रस्तावनेत नारो सदाशिव रिसबुडांनी सरळ कबुली दिली आहे. आपल्याकडच्या लग्नाच्या चालीरीतींमुळे लोकांच्या आयुष्यात रंजक असं काही घडतच नाही, म्हणून अद्भुताची कास धरावी लागते, असा तिचा आशय. या कबुलीला पुष्कळांनी नावं ठेवली. मला त्यात समाजाचं खरं दुखणं दिसतं. मुलगी दहाव्या वर्षी बोहल्यावर उभी राहते आणि तेराव्या वर्षी माजघरात कोंडली जाते, तिथे प्रेम आणि साहस आणायचं कुठून?

‘वीरधवल’ १९१३ सालची. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. त्यांना शिकारीचा नाद होता. सिंहगडावर शिकारीला गेले असता ते कड्यावरून कोसळले आणि कायमचे अपंग झाले. त्यांच्या कादंबऱ्या या अपघातानंतरच्या. चालता न येणाऱ्या माणसाने लिहिलेली ही साहसं वाड्याबाहेर न पडलेली बाई वाचत होती.

अलीकडे मी ही कादंबरी पुन्हा वाचली. आता योगायोग फार वाटतात, संवाद लांबतात. माणसं एकतर सज्जन, नाहीतर दुष्ट. तरी काही पानांवर आत्याआजीचा आवाज ऐकू येतो आणि मग दोष काढवत नाहीत.

तिच्या प्रतीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर ती पेन्सिलीने एकेक रेघ ओढायची. एका वाचनाची एक रेघ. लहानपणी मी त्या मोजल्या होत्या, सतरा होत्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात वाड्यातली पेटी भिजली आणि पुस्तकाचा लगदा झाला. माझ्याकडची प्रत नवी आहे. तिच्या शेवटच्या पानावर मी परवा अठरावी रेघ ओढली.