जेनिनचा साक्षीदार : मोहम्मद बक्री

दुसऱ्याचे शब्द बोलणे हा नटाचा पेशा. मोहम्मद बक्री या पॅलेस्टिनी नटाने तो आयुष्यभर इमानाने केला. पण एकदा त्यांनी सामान्य माणसांना त्यांचे स्वतःचे शब्द बोलू दिले आणि त्याची किंमत वीस वर्षे मोजली.

१९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली. त्या काळात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. या आपत्तीला ते ‘नकबा’ म्हणतात. जे थोडे लोक तिथेच राहिले त्यांना इस्रायलचे नागरिकत्व मिळाले. पण १९६६ पर्यंत त्यांच्यावर लष्करी अंमल होता. अशाच लोकांच्या बिअना या गॅलिलीतील खेड्यात १९५३ मध्ये बक्री यांचा जन्म झाला. अक्का शहरात शाळा झाली. पुढे तेल अवीव विद्यापीठात त्यांनी अभिनय आणि अरबी साहित्याचा अभ्यास केला. हिब्रू व अरबी या दोन्ही भाषांच्या रंगभूमीवर ते सारख्याच सहजतेने वावरले.

कोस्टा-गाव्रास यांच्या ‘हॅना के.’ (१९८३) या चित्रपटात त्यांनी आपल्या घरावर हक्क सांगायला परत आलेला पॅलेस्टिनी उभा केला. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘बियाँड द वॉल्स’ या इस्रायली चित्रपटात ते अरब कैद्यांचे नेते होते. हा चित्रपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. एमिल हबीबी यांच्या सईद नावाच्या भोळ्या-बेरकी नायकाच्या कादंबरीवरील एकपात्री प्रयोग तर त्यांनी वर्षानुवर्षे केला. इस्रायली प्रेक्षकही त्यांना टाळ्या देत होते.

२००२ च्या एप्रिलमध्ये इस्रायली लष्कर जेनिनच्या निर्वासित छावणीत घुसले. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार तिथे किमान ५२ पॅलेस्टिनी आणि २३ इस्रायली सैनिक मारले गेले. छावणीचा मधला भाग बुलडोझरने सपाट केला होता. त्या दिवसांत निदर्शनांत सामील झालेल्या बक्री यांच्याजवळच उभी असलेली एक सहकलाकार गोळीने जखमी झाली. त्यानंतर कॅमेरा घेऊन ते छावणीत गेले. ‘जेनिन, जेनिन’ या माहितीपटात त्यांचे निवेदन नाही. म्हातारे, बाया, एक लहान मुलगी बोलतात. एक मुका माणूस हातवारे करून काय घडले ते दाखवतो. चित्रपटाचे निर्माते इयाद समुदी यांना त्याच वर्षी जूनमध्ये सैनिकांनी गोळ्या घालून मारले. माहितीपट त्यांनाच अर्पण केलेला आहे.

दुसरी बाजू दाखवली नाही, असा आक्षेप घेऊन इस्रायली सेन्सॉर मंडळाने बंदी घातली. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. सैनिकांची बाजू चित्रपटात नाही. पण ज्यांची घरे पडली त्यांचेच ऐकायचे, हे बक्री यांनी जाणूनबुजून ठरवले होते. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी उठवली. मग पाच सैनिकांनी बदनामीचा दावा लावला. चित्रपटात त्यांची ओळख पटत नाही, म्हणून तो फेटाळला गेला आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केले. इथे प्रकरण संपायला हवे होते. पण चित्रपटात काही क्षणच दिसणाऱ्या एका सैनिकाने २०१६ मध्ये नवा दावा केला. २०२१ मध्ये लोदच्या न्यायालयाने इस्रायलमधील प्रदर्शन बंद केले आणि बक्री यांना १ लाख ७५ हजार शेकेल भरपाई द्यायला सांगितले. २०२२ मध्ये त्यांचे अपीलही फेटाळले गेले.

या सगळ्या वर्षांत त्यांनी काम सोडले नाही. ‘प्रायव्हेट’ (२००४) या इटालियन चित्रपटात सैनिक घरात घुसले तरी घर न सोडणारा बाप त्यांनी साकारला. त्यासाठी त्यांना लोकार्नो महोत्सवात अभिनयाचे पारितोषिक मिळाले. अ‍ॅनमारी जासिर यांच्या ‘वाजिब’ (२०१७) मध्ये ते आणि त्यांचा मुलगा सालेह, बाप-लेकाच्याच भूमिकेत, नाझरेथमध्ये घरोघर लग्नपत्रिका वाटत फिरतात. परदेशी राहणारा मुलगा विचारतो, इतके सोसून इथे का राहायचे? बाप मात्र इथे राहायचे तर जमवून घ्यावे लागते, हे जाणून असतो.

‘वाजिब’ म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. २४ डिसेंबर २०२५ रोजी बक्री यांचे निधन झाले. बंदी उठलेली त्यांना पाहता आली नाही. पण त्या मुक्या माणसाची साक्ष नोंदवून ठेवणे त्यांनी आपल्यावर वाजिब मानले होते, आणि ते काम त्यांनी पुरे केले.