औदुंबर, जब्या आणि हंसणारे लोक

वसई तालुक्यांतील आचोळें हें माझें गांव. आतां तें नालासोपारा पूर्वेच्या इमारतींत बुडून गेलें आहे. तळें तेवढें जुनी खूण म्हणून राहिलें आहे. माझ्या घरीं आगरी वळणाची बोली चाले. तिच्यांत ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि ‘ण’चा ‘न’. आठवींत मी एका मोठ्या शाळेंत गेलों, तेव्हां पहिल्याच दिवशीं मास्तरांनीं उभें करून नांव-गांव विचारलें. नांव निभावलें. गांव मात्र ‘आचोलें’ म्हणून तोंडांतून बाहेर पडलें आणि सारा वर्ग खदखदून हंसला. मास्तरही हंसले. त्यानंतर कित्येक महिने मी ‘ळ’ आणि ‘ण’ नसलेले शब्द निवडून बोलत असें. पाणी हवें असल्यास ‘तहान लागली’ म्हणें. पण गांवाच्या नांवाला प्रतिशब्द कोठून आणावा?

हें सांगण्याचें कारण असें कीं, मराठी विनोदी बोलपटाच्या इतिहासांत मी शिरलों तो अशाच एका गोंधळलेल्या पोराचा हात धरून. १९३८ सालच्या ‘ब्रह्मचारी’ बोलपटांतील औदुंबर तो हा.

मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक या तिघांनीं १९३६ सालीं कोल्हापुरांत ‘हंस पिक्चर्स’ ही संस्था काढली. तिच्या पहिल्या ‘छाया’ची कथा वि. स. खांडेकरांची होती. विनोदाचें दालन उघडलें तें आचार्य अत्र्यांनीं. अत्रे हे पेशानें शिक्षक. पुण्याच्या कॅम्पांतील शाळेचे ते मुख्याध्यापक होते. पोरसवदा मनाला एखादें वेड कसें एकदम झपाटतें, हें त्यांनीं वर्गांत बसून पाहिलें असलें पाहिजे. १९३३ च्या ‘साष्टांग नमस्कार’ नाटकांत त्यांनीं नमस्कारांच्या वेडाची थट्टा केलीच होती. ‘ब्रह्मचारी’ ही त्याच थट्टेची पुढची पायरी होय.

औदुंबर हा अगदीं चारचौघांसारखा तरुण. एका देशभक्ताचें ब्रह्मचर्यावरील व्याख्यान तो ऐकतो आणि घरीं येऊन नट्यांचीं जमविलेलीं चित्रें फेंकून देतो, व्यायामाचें साहित्य आणतो आणि एका स्वावलंबी आश्रमवजा संस्थेंत दाखल होतो. तेथें किशोरी येते, आणि व्रताचे बारा वाजतात. त्या काळीं गांवोगांवीं तालमी होत्या, व्याख्यानें होतीं, देशासाठीं देह कमावण्याचे उपदेश होते. त्यांतलें बरेंचसें प्रामाणिक होतें, हेंही विसरतां कामा नये. परंतु ज्याचे दंड फुगत नाहींत, ज्याचें मन उपदेश ऐकतां ऐकतां खिडकीबाहेर जातें, अशा पोरानें कोठें जावें? त्याला जागा दिली अत्र्यांनीं. विनायकराव त्या वेळीं बत्तीस वर्षांचे होते. तरी औदुंबराचें कोवळेपण त्यांनीं असें उभें केलें कीं वय आठवतच नाहीं. मीनाक्षी शिरोडकर यांच्या पोहण्याच्या पोशाखाची मात्र इतकी चर्चा झाली कीं बोलपटांतली मुख्य गोष्ट तिच्याखालीं झांकून गेली. आजही ‘ब्रह्मचारी’चें नांव काढलें कीं लोकांना तो पोशाखच आठवतो. मला हें अन्यायाचें वाटतें.

मुख्य गोष्ट अशी कीं, औदुंबराला हंसणारा प्रेक्षक स्वतःलाच हंसत होता. घरांतल्या घरांत जोर काढून तिसऱ्या दिवशीं सोडून देणारे पुष्कळजण त्या नाट्यगृहांत बसले असतील. म्हणून त्या हंसण्यांत विष नव्हतें. शिवाय औदुंबराला एक सवलत होती. त्याची अडचण त्यानें स्वतः ओढवून घेतलेली. संस्था जमली नाहीं तर उठून घरीं जावयास तो मोकळा होता. चिं. वि. जोशांच्या चिमणरावालाही ती सवलत आहे. मराठी विनोदाची मोठी परंपरा या मोकळ्या दारावर उभी आहे, असें मला वाटतें.

ज्याला हें दार नाहीं त्याचें काय? त्यासाठीं पंचाहत्तर वर्षें थांबावें लागलें. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ १९३८ च्या अर्थानें विनोदी चित्रपट नव्हे. पण त्याचा आरंभीचा बराच भाग हंसत हंसत पाहतां येतो. २०१३ सालीं तो तयार झाला आणि पुढच्या वर्षीं फेब्रुवारींत महाराष्ट्रांत लागला. त्यांतला जब्या शाळकरी पोर आहे. त्याला चांगली पँट हवी आहे. वर्गांतली शालू हवी आहे. काळ्या चिमणीची राख टाकली तर ती वश होईल, असें ऐकून तो गलोल घेऊन रानांत हिंडतो. येथपर्यंत तो औदुंबराचा धाकटा भाऊच शोभतो. परंतु गांवानें त्याच्या घराण्याच्या माथीं डुकरें धरण्याचें काम मारलेलें आहे. तें काम शाळेजवळ, शालूच्या देखत, त्याला करावें लागतें. डुकराच्या मागें सारें कुटुंब धांवत असतां शाळेंत राष्ट्रगीत सुरू होतें, बापासकट सगळे जागच्या जागीं ताठ उभे राहतात, आणि डुक्कर निघून जातें. प्रसंग हास्यकारक आहे, यांत शंका नाहीं. चित्रपटगृहांत मीही मोठ्यानें हंसलों. पुढें पडद्यावरचा गांव हंसूं लागला, आणि तो आमच्यासारखाच हंसत होता. शेवटीं जब्या दगड उचलतो व सरळ पडद्याबाहेर, आमच्या रोखानें भिरकावतो.

माझ्या अंगावर काटा आला. तो वर्ग, ते मास्तर सारें आठवलें. पण दगड तर माझ्याच दिशेनें आला होता.

आतां आचोळ्यांत बाहेरगांवाहून, परप्रांतांतून आलेलीं पुष्कळ कुटुंबें राहतात. त्यांच्या मुलांनाही ‘ळ’ जड जातो. परवां माझा नातू वर्गांतल्या अशाच एका मुलाची नक्कल करून दाखवीत होता. ‘आचोलें’ हा शब्द त्यानें अगदीं हुबेहूब उच्चारला. मीं त्याला विचारलें, “तूं कां हंसलास रे?”

“सगळेच हंसले, आजोबा,” तो म्हणाला.