नेंगम्यॉन : हिवाळ्यात जन्मलेला उन्हाळ्याचा पदार्थ

जुलै-ऑगस्टमध्ये सोल शहरात उकाडा असह्य होऊ लागला की 'नेंगम्यॉन'च्या जुन्या उपाहारगृहांपुढे भर दुपारी रांगा लागतात. कोरियन भाषेत 'नेंगम्यॉन' म्हणजे थंड नूडल्स. बर्फाचे कण तरंगणारे सूप, त्यात बारीक तपकिरी नूडल्स, वर काकडी, मुळा, पेअरच्या फोडी आणि अर्धे उकडलेले अंडे, असे या पदार्थाचे रूप असते. आज तो उन्हाळ्याचा समजला जात असला तरी मुळात तो कडाक्याच्या थंडीतला आहे.

उगम आणि प्रवास

कोरियाच्या डोंगराळ, थंड उत्तर भागात भात कमी पिकतो. तेथे अल्प मुदतीत येणारे बकव्हीट, म्हणजे आपल्याकडे उत्तर भारतात उपवासाला चालणारे कुट्टू, शरद ऋतूत हाती येई. त्याच सुमारास हिवाळ्यासाठी मुळे मिठाच्या पाण्यात मुरत घातले जात. या आंबट-खारट पाण्याला 'तोंगचिमी' म्हणतात. नव्या पिठाच्या नूडल्स आणि मुळ्याचे थंडगार पाणी यांतून नेंगम्यॉन घडले. १८४९ मधील 'तोंगुक सेसिगी' या सणवार व ऋतुचर्येवरील ग्रंथात त्याची नोंद चांद्र वर्षाच्या अकराव्या महिन्यातील खाद्य अशी आहे. विसाव्या शतकात बर्फ सहज मिळू लागल्यावर ते उन्हाळ्यात आले.

१९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धात उत्तरेतील असंख्य लोक दक्षिणेत आले. सीमा बंद झाली आणि गाव कायमचे दुरावले. त्यांच्यापैकी अनेकांनी नेंगम्यॉनची दुकाने थाटली. बुसानमध्ये मदत म्हणून मिळणाऱ्या गव्हाच्या पिठापासून 'मिलम्यॉन' हा भाऊबंद तयार झाला. २७ एप्रिल २०१८ रोजी पानमुनजोम येथील शिखर बैठकीत उत्तर कोरियाने प्याँगयांगच्या 'ओकर्यूग्वान' या उपाहारगृहाचे नेंगम्यॉन आणले, तेव्हा सोलमधील दुकानांपुढे रांगा लागल्या. २०२२ मध्ये युनेस्कोने प्याँगयांगच्या या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

दोन प्रकार

प्याँगयांगचा 'मुल नेंगम्यॉन' सुपातला असतो. नूडल्स मुख्यतः बकव्हीटच्या व सहज तुटणाऱ्या, चव सौम्य. प्रथम खाणाऱ्याला ती अळणी वाटते. हामहुंगच्या नूडल्स बटाट्याच्या किंवा रताळ्याच्या स्टार्चच्या, चिवट असतात. त्या तिखट-आंबट मसाल्यात कालवल्या की त्यांना 'बिबिम नेंगम्यॉन' म्हणतात.

बकव्हीटमध्ये ग्लुटेन नसल्याने त्याचे पीठ ताणून नूडल्स होत नाहीत. म्हणून पिठात थोडा स्टार्च मिसळून ते आपल्या सोऱ्यासारख्या यंत्रातून थेट उकळत्या पाण्यात पाडतात. घरी मात्र सुक्या नूडल्सचे पाकीट वापरणेच सोयीचे.

साहित्य (चौघांसाठी)

सुक्या नेंगम्यॉन नूडल्स ६०० ग्रॅम, कोंबडी १ किलो, १ कांदा, ६ लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा, १० मिरे, मीठ, २ उकडलेली अंडी, १ काकडी, १ पेअर, व्हिनेगर व मोहरीची चटणी. कोरियात सुपासाठी बहुधा गोमांस वापरतात. पूर्वी तितराच्या कुळातील फेझंट पक्ष्याचेही सूप होई. शाकाहारींनी सुकी शिताके मशरूम व समुद्रशैवाल उकळून सूप करावे.

कृती

दोन दिवस आधी अर्धा किलो मुळ्याचे बोटाएवढे तुकडे करून १ मोठा चमचा मीठ लावून अर्धा तास ठेवावे. नंतर काचेच्या बरणीत घालून १ लिटर उकळून गार केलेले पाणी, आणखी १ मोठा चमचा मीठ, ४ लसूण पाकळ्या व थोडे आले घालावे. उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत पाण्याला आंबूस चव येते. मग बरणी फ्रिजमध्ये ठेवावी.

कोंबडी, कांदा, लसूण, आले व मिरे अडीच लिटर पाण्यात मंद आचेवर सव्वा तास शिजवावे. फेस काढत राहावे. सूप गाळून, भांडे गार पाण्यात ठेवून लवकर थंड करावे आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळी वर गोठलेली चरबी पूर्ण काढावी. ही पायरी टाळू नये. थंड सुपात चरबी जिभेला चिकटते. दीड लिटर सुपात अर्धा लिटर मुळ्याचे पाणी मिसळावे. गारव्याने चव दबते, म्हणून मीठ थंड झाल्यावरच चाखून घालावे. हे मिश्रण दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवून कडेने बर्फ धरू लागला की काढावे.

वाढण्याच्या वेळीच नूडल्स भरपूर उकळत्या पाण्यात साधारण ३ ते ४ मिनिटे शिजवाव्यात; नेमकी वेळ पाकिटावर पाहावी. लगेच गाळून वाहत्या पाण्याखाली दोन्ही हातांनी कपडे धुतल्यासारख्या चोळाव्यात. वरचा स्टार्च निघून पाणी नितळ झाले की शेवटी बर्फाच्या पाण्यात बुडवून निथळाव्यात. प्रत्येक वाडग्यात नूडल्सची गुंडी, मुरलेला मुळा, काकडी, पेअर, कोंबडीचे काप व अर्धे अंडे मांडून कडेने सूप ओतावे.

घ्यावयाची काळजी

बर्फ पिण्यायोग्य पाण्याचाच असावा. बकव्हीटची काहींना तीव्र अ‍ॅलर्जी असते, म्हणून पाहुण्यांना आधी विचारावे. व्हिनेगर आणि मोहरी प्रत्येकाने आपल्या ताटावर घालावी. तत्पूर्वी सुपाचा एक घोट तसाच घ्यावा. उत्तरेतून आलेल्यांनी जपलेली चव त्या सौम्य घोटातच आहे.