वृक्षओळख : वनरक्षणाची पहिली पायरी

डिचोली तालुक्यातील कारापूर हे वाळवंटी नदीकाठचे गाव. सखल भागात माड-पोफळीची कुळागरे, त्यांच्यावर जांभ्या दगडाची पठारे आणि उतारांवर पानझडी रान, असे या परिसराचे सर्वसाधारण स्वरूप आहे. तालुक्याच्या खाणपट्ट्यात टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यांवर लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीची भर पडते. लागवडीची, नैसर्गिक आणि परदेशी अशी तीनही प्रकारची झाडे थोड्या अंतरात एकत्र आढळणाऱ्या अशा प्रदेशात वनरक्षक व वनमजूर यांना कोणते झाड कोणते हे अचूक सांगता येणे अत्यावश्यक ठरते. प्रशासकीय निर्णयांची साखळी त्यांनी केलेल्या पहिल्या नोंदीपासून सुरू होते.

गोव्यात या नोंदीला कायदेशीर महत्त्व आहे. १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाड तोडण्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी ‘वन’ या शब्दाचा व्यापक अर्थ ग्राह्य धरल्यानंतर राज्यातील खासगी वने निश्चित करण्याचे काम सावंत आणि कारापूरकर समित्यांकडे सोपवण्यात आले. त्यासाठी तीन निकष लागू झाले. जमिनीवरील वृक्षांपैकी ७५ टक्के वृक्ष वनवृक्षांच्या जातींचे असावेत. क्षेत्र सरकारी वनाला लागून असावे, स्वतंत्र असल्यास ते किमान ५ हेक्टर असावे. आणि झाडोऱ्याच्या छत्राची घनता ०.४ पेक्षा कमी नसावी. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच निकष कायम ठेवले. क्षेत्र आणि छत्राची घनता मोजण्यासाठी नकाशे व उपग्रह प्रतिमांची मदत होते. पहिल्या निकषासाठी मात्र झाडापाशी जाऊन त्याची जात ओळखावी लागते. शंभर झाडांच्या गणनेत दोन-तीन नावे चुकली, तरी ७५ टक्क्यांच्या सीमारेषेवरील जमिनीचा दर्जा बदलू शकतो.

पहिली अडचण नावांची असते. गोव्यातील माट सीमेपलीकडे महाराष्ट्रात ‘ऐन’ म्हणून ओळखला जातो. ‘असाणा’ हे नाव एका झाडाचे, तर ‘असन’ हे संस्कृत नाव बिबल्याचे. जांबो हा वृक्ष, जांभूळ हे फळझाड आणि जांभा हा दगड यांचा नवख्या माणसाच्या मनात गोंधळ होतो. अशोकाचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. रस्त्याकडेला लावला जाणारा उंच, सरळसोट वृक्ष ‘अशोक’ म्हणून ओळखला जातो. पण केशरी-तांबड्या फुलांचा सीतेचा अशोक पूर्णपणे वेगळ्या कुळातला आहे. म्हणूनच प्रशिक्षणात स्थानिक नावासोबत शास्त्रीय नावाची नोंद ठेवण्यास शिकवले जाते. या नोंदींसाठी गोव्याला जुनी परंपरा आहे. गार्सिया द ओर्ता यांचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला; दालगादो यांचा गोवा व सावंतवाडीच्या वनस्पतींवरील ग्रंथ १८९८ चा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेषगिरी राव यांनी गोव्याच्या वनस्पतींची शास्त्रीय सूची दोन खंडांत सिद्ध केली.

दुसरी अडचण प्रत्यक्ष रानातली आहे. शास्त्रीय ग्रंथांतील वर्णने प्रामुख्याने फुलांवर आधारलेली असतात. पण फुले वर्षातील थोडेच दिवस असतात आणि तीही वीस-पंचवीस मीटर उंचीवर. यासाठी साल, चीक, गळालेली पाने आणि फळे यांवरून ओळख पटवण्याची पद्धत उष्ण कटिबंधात सर्वत्र उपयुक्त ठरली आहे. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ ॲल्विन जेंट्री यांनी १९९३ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या वायव्य भागातील वृक्षांसाठी फुलांवर अवलंबून नसलेली मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. कोस्टा रिकात १९८९ पासून गावकऱ्यांनाच नमुने गोळा करून त्यांची प्राथमिक वर्गवारी करण्याचे प्रशिक्षण देण्यात आले.

गोव्याच्या रानात हीच पद्धत सहज लागू पडते. माटाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची, तर फळाला पाच पंख असतात. त्याच कुळातील किंदळाच्या लालसर फळांना तीन पंख असून त्यांपैकी एक मोठा असतो. नाण्याचे खोड गुळगुळीत व फिकट असून साल कागदासारखी सुटते. बिबल्याच्या सालीला छेद दिला की लाल डिंक पाझरतो. सांतोणातून पांढरा चीक येतो आणि त्याची पाने फांदीभोवती चक्राकार असतात. काजऱ्याची पाने समोरासमोर असून बुडापासून निघणाऱ्या ठळक शिरांमुळे ती ओळखता येतात. त्याच्या बिया विषारी आहेत. रानबिब्याचा चीक त्वचेला लागल्यास फोड येतात. त्यामुळे छेद घेण्यापूर्वी झाड ओळखणे हा कामगाराच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियन बाभळीत पान वाटतो तो भाग प्रत्यक्षात रुंदावलेला देठ असतो.

रोपवाटिकेतही चुकीची किंमत मोठी असते. सत्तरीतील बांबर येथील निरंकाराची राय रानजायफळाच्या दलदलीसाठी प्रसिद्ध आहे. या कुळातील झाडांच्या बिया फार काळ टिकत नाहीत. पडल्यानंतर लवकर पेरल्या तरच त्या रुजतात. चुकीच्या झाडाखालून बिया गोळा झाल्यास त्या वर्षीचा हंगाम वाया जातो आणि चूक लक्षात येईपर्यंत दुसरीच रोपे लागवडीला गेलेली असतात.

एका दिवसाच्या कार्यशाळेतून ही जाण येत नाही. तीच पायवाट भर पावसात, हिवाळ्यात आणि मे महिन्यात चालावी लागते, कारण उन्हाळ्यात निष्पर्ण झालेले झाड केवळ सालीवरून ओळखावे लागते. वाटेवरील निवडक झाडांना क्रमांक द्यावेत, प्रशिक्षणार्थींनी प्रत्येक ऋतूत त्यांची नोंद करावी आणि संशयास्पद फांदी कागदात दाबून वाळवून तज्ज्ञाकडे पाठवावी, असा क्रम उपयोगी पडतो. गावातील जाणत्या लोकांना सोबत घेतल्यास स्थानिक नावे व उपयोग यांची माहितीही नोंदवली जाते. ओळख पटली नसेल, तर अंदाजाने नाव न लिहिता ‘अनिश्चित’ अशी नोंद करण्याची सवय वनरक्षकाला सुरुवातीपासून लावावी लागते. तशी नोंद पुढे तपासून दुरुस्त करता येते. खात्रीने लिहिलेले चुकीचे नाव मात्र अहवालातून अहवालात तसेच पुढे जाते.