दूरच्या गावचे काम आणि त्याचा पैसा

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेत मंदिराच्या बांधकामाची हकीकत, पूर्वीच्या धर्मगुरूंची नामावळी व गायनवृंदाचा वृत्तांत हे विषय यावयाचेच. संपादक मंडळींनी मजकडे इतिहासपर चार शब्द मागितले, तेव्हा मी जाणूनबुजून निराळा विषय निवडला. महोत्सवाच्या निधीतून जी रक्कम शिल्लक राहील ती सभागृहाच्या फरशीस लावावी, की घाटावरील एखाद्या कोरडवाहू गावाच्या पाणीकामास द्यावी, आणि द्यावयाची तर एकदाच द्यावी की दरसाल, असा प्रश्न आपल्या सल्लागार मंडळापुढे आहे. दोन्ही बाजूंनी बोलणारे लोक भले आहेत व त्यांचे म्हणणे विचार करण्याजोगे आहे. परंतु हा प्रश्न आजचा नव्हे. दूरच्या गावासाठी शहरातून वा परदेशातून पैसा गेला, तो मध्येच थांबला आणि मग काय उरले, याचा आपल्याकडे शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो थोडक्यात पाहू.

इ. स. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळानंतर जर्मन जेझुइट धर्मगुरूंनी अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, मिशनकार्य सुरू केले. केंदळ, वळण, संगमनेर ही नावे आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांस माहेरासारखी वाटतात. शाळा चालविणे व अनाथ मुलांस पोसणे या कामांचा खर्च बहुतांशी युरोपातील दात्यांच्या वर्गणीवर चाले. त्याच मंडळींपैकी फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली ‘निरोप्या’ हे मासिक काढले व पुढे १९०७ साली ते पुण्याचे महागुरुस्वामी झाले.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. काल जे आपले फादर होते ते आज सरकारदप्तरी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. पुष्कळांस स्थानबद्ध करून पुढे मायदेशी परत पाठविण्यात आले. महागुरुस्वामी डोरिंग युरोपात अडकले. त्यांस परतण्याची परवानगी मिळेना. १९२१ साली त्यांची नेमणूक जपानात हिरोशिमा येथे झाली आणि पुण्यास ते पुन्हा येऊ शकले ते १९२७ साली. जर्मनीतून येणारा पैसाही आटला. मिशन मात्र समूळ नष्ट झाले नाही. उरलेल्या थोड्या धर्मगुरूंनी आणि गावोगावच्या मराठी मास्तरांनी ते तगवून धरले. ज्याचे घर, शेत व नातीगोती त्याच गावात होती, त्यास कोणतेही सरकार मायदेशी धाडू शकत नव्हते. या इतिहासातील पहिला धडा मला तोच वाटतो.

दुसरा प्रसंग आपल्या मुंबईतलाच. १९६४ साली येथे अडतिसावी जागतिक युकॅरिस्टिक काँग्रेस भरली आणि परमगुरुस्वामी सहावे पॉल आले. ओव्हल मैदानावरील त्या गर्दीच्या आठवणी आपल्या आजी-आजोबांनी सांगितलेल्या आहेत. त्यांनी आपली पांढरी मोटार मदर तेरेसा यांच्या कार्यासाठी देऊन टाकली, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु याहून मोठी गोष्ट त्या मानाने थोड्यांच्या स्मरणात राहिली. दिनांक ४ डिसेंबर रोजी पत्रकारांपुढे बोलताना त्यांनी राष्ट्रांना विनविले की, शस्त्रास्त्रांवरील खर्चाचा काही भाग काढून दरिद्री जनतेसाठी एक मोठा जागतिक निधी उभारावा. १९६७ सालच्या आपल्या विश्वपत्रात त्यांनी या मुंबईतील विनंतीचा पुन्हा उल्लेख केला. तसा निधी राष्ट्रांनी उभारला नाही. मदत आली ती निरनिराळ्या संस्थांकडून. उदाहरणार्थ, जर्मन महागुरूंनी १९५८ साली स्थापन केलेली मिझेरिओर ही संस्था. तिकडील भाविक प्रायश्चित्तकाळात जे दान टाकतात त्यावर तिचा मोठा आधार. म्हणजे आपल्या डोंगरातील बांध हा परक्या देशातील कोणा म्हातारीच्या उपासावर उभा राहतो! हे ऋण पवित्र आहे. परंतु तिकडील मंदिरे रिकामी होऊ लागली, की इकडील बांधही अर्धवट राहावयाचे, हेही तितकेच खरे.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा महाराष्ट्राने निराळाच मार्ग धरिला. सांगली जिल्ह्यातील विसापूरचे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना निघाली. तिचा कायदा १९७७ साली झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. गावकऱ्याने काम मागितले तर ते सरकारने दिलेच पाहिजे, असा हा कायदा. त्याचा खर्च कोठून आला, हे शहरवासीयांनी विशेष ध्यानात घ्यावे. १९७५ सालच्या व्यवसाय कराच्या कायद्याने पगारदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्या उत्पन्नातून ठरावीक रक्कम घेतली जाऊ लागली. हा कर व त्याबरोबरचे इतर काही कर या योजनेकडे वळविले गेले आणि तेवढीच भर सरकारने घालावी असे ठरले. दादर-गिरगावातील कारकुनाच्या पगारातून कापलेले काही रुपये माणदेशातील तलावाच्या भरावावर पोचत होते. कोणी भाषण केले नाही, कोणी दात्याच्या नावाची पाटी लाविली नाही. पण पैसा दरसाल येत राहिला. दयेवर अवलंबून असलेला पैसा आणि कायद्याने बांधलेला पैसा यांतील अंतर येथे दिसून येते.

तिसरा धडा फादर हर्मन बाखर यांच्या कार्यातून मिळतो. हे स्विस जेझुइट १९४८ साली भारतात आले आणि नगर जिल्ह्यात त्यांनी हयात घालविली. दुष्काळात अन्न वाटून व विहिरी खोदून गाव उभे राहत नाही, डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडविले पाहिजे, या निष्कर्षास ते आले. १९८९ च्या सुमारास जर्मन सरकारच्या साहाय्याने पाणलोट विकासाचा कार्यक्रम ठरला. पैसा नाबार्डमार्फत येणार होता आणि गावांस तयार करण्यासाठी १९९३ साली वॉटर ही संस्था निघाली. त्यांच्या नियमांत खरे मर्म आहे. गावाने प्रथम श्रमदान करून आपली इच्छा सिद्ध करावी. चराईबंदी व कुऱ्हाडबंदी स्वतः पाळावी. पैसा गावाच्या समितीच्या खात्यात यावा. आणि काम संपल्यावर देखभालीसाठी गावाचा स्वतःचा निधी असावा. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीस उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागे; तेथे १९९६ पासून पाच वर्षे हे काम चालले. पुढे केंद्र सरकार व नाबार्ड यांनी प्रत्येकी १०० कोटी घालून १९९९-२००० साली पाणलोट विकास निधी स्थापिला. परदेशी पैसा एक दिवस संपणार, हे आरंभीच गृहीत धरून केलेले असे काम विरळा. फादर बाखर २०२१ साली प्रभुघरी गेले.

याच्या उलट अनुभव मी स्वतः घेतला आहे. तरुणपणी एका डोंगरी गावात माझी नेमणूक होती. एका देणगीदार संस्थेने तीन हप्त्यांत पैसे देण्याचे मान्य केले व आम्ही बंधाऱ्याचा पाया भरला. दोन हप्ते आले. तिसऱ्याऐवजी पत्र आले, की संस्थेचे धोरण बदलले असून यापुढे अन्य विषयास प्राधान्य देण्यात येईल. पावसाळा तोंडावर आला होता. पहिल्याच पुराने अर्धी भिंत वाहून गेली. गावकरी मला एक शब्दही बोलले नाहीत. परंतु पुढील वर्षी मी श्रमदानाची गोष्ट काढली, तेव्हा एक वृद्ध गृहस्थ शांतपणे म्हणाले, “बाबा, आमचे हात आहेतच, पण पैसा अर्ध्यात सरला तर हातांची लाज जाते.” शुभवर्तमानातील बुरूज बांधणाऱ्याचा दृष्टांत मी सेमिनरीत शिकलो होतो, त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

आज अडचणी वाढल्या आहेत. परदेशी देणग्यांसंबंधीचा कायदा १९७६ साली झाला. २०१० च्या नव्या कायद्याने नोंदणी पाच-पाच वर्षांची केली. २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने आलेला पैसा दुसऱ्या संस्थेस देण्यास मनाई केली व प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आणिली. हिशेब चोख असावेत हे योग्यच. परंतु मोठ्या संस्थेच्या आधाराने चालणारी आडगावची लहान संस्था यात एकटी पडली. कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास लावावेत असा २०१३ चा कायदा आहे; पण त्यात कारखान्याच्या आसपासच्या भागास प्राधान्य सांगितले आहे, आणि दूरच्या डोंगरात कारखाना कोठला?

शेवटी परळ-लालबागकडे वळतो. गिरणगावातील कामगार दर महिन्यास गावी मनिऑर्डर पाठवी. कोकणातल्या व घाटावरल्या कित्येक घरांचा तोच आधार होता. दिनांक १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लक्ष कामगार बाहेर पडले आणि गावाकडे पैसा जाण्याऐवजी माणसेच परत गेली. शहराचा हातही आखडू शकतो, हे आपण विसरू नये.

म्हणून माझे नम्र मत असे. एकदाच मोठी रक्कम देऊन छायाचित्र काढण्यापेक्षा, आपणांस खात्रीने पेलेल तेवढीच लहान रक्कम पाच वर्षांसाठी लेखी कबूल करावी. दुसऱ्या वर्षाची रक्कम हाती असल्यावाचून पहिल्या वर्षाचे काम सुरू करू नये. आणि गावाचा श्रमाचा वाटा व देखभालीचा निधी असल्याखेरीज एक पैसाही देऊ नये. सभागृहाची फरशी आणखी काही वर्षे जुनी राहिली तर आपल्या पायांस फारसे दुखणार नाही. विधवेच्या दोन नाण्यांचे मोल प्रभूने जाणिले. आपली नाणी लहान असली तरी चालतील, ती वेळेवर पोचली पाहिजेत. सल्लागार मंडळाची बैठक येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आहे. ज्यांस माझे म्हणणे पटत नाही त्यांनी अवश्य यावे. ज्यांस पटते त्यांनी तर यावेच.